लॉफ्टस कॉस्टिगनची पाटी

रोज सकाळी दार ढकलण्याआधी इमर कॉस्टिगन उजव्या हाताची दोन बोटं पितळी पाटीवरून फिरवायची. कुणी पाहिलं तर धूळ पुसतेय असं वाटावं, इतक्या बेतानं. आज बोटांना गार, खरखरीत वीट लागली. तिनं मान वर केली. पाटी जागेवर नव्हती. भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता आणि त्याच्या कोपऱ्यांना चार ताजी भोकं. लॉफ्टस कॉस्टिगन, गुंतवणूक बँक, डब्लिन. ही अक्षरं काल संध्याकाळी होती, निघताना तिनं पाहिली होती. बँक विकायच्या करारावर सात भागीदारांपैकी सहा जणांच्या सह्या झाल्या होत्या. सातवी तिची, आणि ती आज अकराला वकिलाच्या कचेरीत व्हायची होती. ती सही होईपर्यंत बँक तिची होती, भिंत तिची होती आणि पाटी तर सगळ्यात जास्त तिची होती. तिला आधी राग आलाच नाही. आधी लाज वाटली, बेसावध असताना कुणी अंगावरची शाल ओढून न्यावी तशी. राग मागाहून आला, पण आला तो चांगला भक्कम आला.

आत दरवान टॉबिन चहाचा मोठा मग दोन्ही हातांत धरून उभा होता. तिला पाहून त्यानं तो उगाचच खाली ठेवला.

"टॉबिन, माझं नाव कुठं गेलं?"

"काउंटरखाली आहे, मिस कॉस्टिगन. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय, ओरखडा नाही पडलेला. पहाटेच पाटीवाला आला. म्हणाला, काढायची ऑर्डर आहे. मी म्हटलं, बाबा रे, उद्याची असेल. तर म्हणतो, उद्या मी कॉर्कला आहे."

"आणि तू काढू दिलीस?"

"त्याच्या हातात ड्रिल होतं, माझ्या हातात चहा. मी काय करणार?"

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. ती परत बाहेर आली आणि पायरीवर उभी राहून भिंतीकडे पाहू लागली.

नीट पाहिलं तर भोकं चारच नव्हती. जुनी बुजवलेली भोकं विटांत ठिकठिकाणी दिसत होती, प्रत्येकाचं लिंपण निराळ्या रंगाचं. सगळ्यात खालची लॉफ्टस घराण्याची. त्यांनी इंग्रज राणीच्या काळात दलालीचा धंदा मांडला, रविवारी आपल्या प्रोटेस्टंट चर्चला गेले आणि सोमवारी कॅथलिक जमीनदारांचे शेअर विकले. दोन्हीकडून पैसा मिळवला, पण कुणाला फसवलं नाही, असं निदान त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळे. त्यांच्यावरची भोकं शहरातल्या एका बड्या बँकेची. इमर नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा त्या बँकेनं लॉफ्टस विकत घेतली आणि दारावर प्लास्टिकचं भलंमोठं निळं चिन्ह ठोकलं, पावसात त्यातून पाणी ठिबकायचं. मग त्या बँकेला पैशांची चणचण भासली आणि अ‍ॅमस्टरडॅमचा मालक आला. त्याची पाटी काचेची, अक्षरं इतकी बारीक की पोस्टमनला चष्मा लावावा लागे. डच माणसं शिस्तीची होती, वेळेवर यायची, सायकलवरून यायची आणि कुणाचीही विचारपूस करायची नाहीत. पुढं देशातल्या बँका एकामागून एक कोसळल्या, लोकांची घरं पाण्याच्या भावानं गेली, आणि डचांना आयर्लंड नकोसं झालं. कुणीच घेईना तेव्हा आतल्याच सात जणांनी आपापली घरं गहाण टाकून ही बँक विकत घेतली. त्या दिवशी समोरच्या पबमध्ये नावावरून दोन तास वाद झाला. सात नावांची पाटी कुठल्या भिंतीला लागणार? शेवटी डेस्मंड लॉफ्टस, त्या घराण्यातला उरलेला एकुलता एक, ग्लास खाली ठेवून म्हणाला, "दोनच घ्या. एक मेलेलं, एक जिवंत. मेलेलं आमचं आहेच. जिवंत इमरचं घ्या, ग्राहक तिला सोडून गेले नाहीत." बाकीच्या पाचांनी ग्लास उचलले. त्या रात्री घरी जाताना ती कालव्याच्या काठाकाठानं चालत गेली होती आणि कुणी आसपास नाही असं बघून आपलं आडनाव मोठ्यानं म्हणाली होती.

आडनाव तसं याआधीही एका दारावर होतं. माउंटमेलिकच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं न्हाव्याचं दुकान होतं, दारावर त्यांनीच हिरव्या रंगानं लिहिलेलं 'कॉस्टिगन', शेवटची दोन अक्षरं जागा संपल्यामुळे जरा दाटीवाटीनं बसवलेली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी दुकान विकलं. घेणाऱ्यानं आठवड्याच्या आत पाटीवर पांढरा रंग मारला. इमर तेव्हा कॉलेजात होती, सुट्टीत घरी आली ती तावातावानं त्या माणसाला जाब विचारायला निघाली. वडील म्हणाले, "बस गं. रंग त्याचा, ब्रश त्याचा." आणि दुसऱ्याच शनिवारी स्वयंपाकघरात तीन म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते, गळ्याभोवती घरातले पंचे. नव्या दुकानात केस कापून घ्यायला ते तयार नव्हते. वडील मरेपर्यंत त्या स्वयंपाकघरात केस पडत राहिले, आई झाडत राहिली आणि शिव्या देत राहिली. हे तिला आज का आठवावं? पाटी गेली तरी डोकी यायची थांबली नाहीत, एवढंच त्याचं तात्पर्य असेल तर ते तिला पटत नव्हतं. वडिलांनी दुकानावरून जाताना मान वर करून कधी पाहिलं नाही, हेही तिला आठवत होतं. माणसाला आपलं नाव हवं असतं. त्यात कमीपणा कसला?

आणि आजच केटी गॅनलीचं दफन होतं, तिकडे लाँगफर्डमध्ये, ग्रॅनार्डच्या चर्चमध्ये. अकराला मिस्सा, मयताची प्रार्थना. अकराला सही. इमरनं फुलांचं चक्र पाठवलं होतं, सोबत चार ओळींचं पत्र. लॉफ्टसमध्ये आजवर कुणी चक्र पाठवून मोकळं झालं नव्हतं. थोरल्या लॉफ्टसनी, म्हणजे डेस्मंडच्या वडिलांनी, एक शिरस्ता घालून दिला होता: रोज सकाळी बाजारभाव बघण्याआधी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मोठ्यानं वाचायच्या, आणि आपल्या ग्राहकांपैकी कुणी गेलं असेल तर कचेरीतलं एक माणूस जायलाच हवं, मग गाव केरीच्या टोकाला असो. बड्या बँकेनं हे हसण्यावारी नेलं. डचांनी बंद केलं, कारण त्यांच्या खर्चाच्या नियमांत मयताला जागा नव्हती. मग वाचन कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात होऊ लागलं, आणि माणसं स्वतःच्या पेट्रोलनं जाऊ लागली. डचांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचे आयरिश दलाल सकाळी एवढे गंभीर का असतात.

केटी गॅनलीची गाठ तर इमरच्या पहिल्याच मयताला पडली. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. थोरले लॉफ्टस म्हणाले, "पोरी, ग्रॅनार्डचा टॉम गॅनली गेला, जुना ग्राहक, जाऊन ये." ती बसनं गेली. गावात गॅनलींचं घर विचारलं, कुणीतरी बोट दाखवलं, दारात गाड्या उभ्या होत्या, आत शवपेटी, भोवती माणसं, चहा, सँडविच. रांगेत तिच्या मागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तू कुणाकडची?" ती म्हणाली, "लॉफ्टसकडची." मग ती विधवेसमोर उभी राहिली, हात हातात घेतला आणि पाठ करून आणलेलं बोलली: तुमच्या दुःखात आम्ही आहोत, तुमचे यजमान फार जाणते होते, त्यांनी शेअर इतकी वर्षं किती जपून ठेवले, तुम्हाला कशाची ददात पडणार नाही. विधवेचा चेहरा बघता बघता बदलला. "टॉमनं? शेअर?" एवढंच ती म्हणाली. इमर परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा शेजारच्या बाईकडून तिला कळलं की गावात त्या आठवड्यात दोन टॉम गॅनली वारले, चुलतभाऊ. शेअरवाला किराणा दुकानदार, तो काल पुरला. आज पुरायचा तो खडी फोडणारा. तिनं बस थांबवली नाही, तेवढी हिंमत नव्हती. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी पहिल्या बसनं परत गेली. केटी गॅनली दारातच उभी होती, काळ्या कपड्यांत, हातात कोंबड्यांच्या दाण्याचं टोपलं. इमरनं रडत सगळं सांगितलं. केटीनं टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी एक रात्र श्रीमंत होते म्हण की. टॉमला मी रात्रभर शिव्या घातल्या, माझ्यापासून लपवलंस म्हणून, आणि मग माफही केलं. बरं वाटलं गं पोरी. ये आत, चहा घे." काही वर्षांनी टॉमच्या मागं राहिलेल्या छोट्या खडीच्या खाणीला रस्त्यांची कामं मिळाली, मुलांनी सिमेंटचा कारखाना काढला, कंपनी वाढली आणि एक दिवस शेअर बाजारात आणायची ठरली. ते काम मिळवायला लंडनच्या बँकवाल्यांनी खाणीवर हेलिकॉप्टर उतरवलं. केटी म्हणाली, "जी परत आली तिला बोलवा." बँकेत इमरची खुर्ची तिथून पक्की झाली.

"सुप्रभात, मिस कॉस्टिगन." पायरीखाली ल्युसिएन गान्यों उभा होता, मॉन्ट्रिऑलच्या ज्या बँकेला ही बँक विकली जायची होती तिचा माणूस. हॉटेलवरून चालत आला होता, खांद्याला बॅग, बॅगेत कराराची प्रत. त्यानं तिच्या नजरेबरोबर भिंतीकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "हे उद्या व्हायचं होतं," तो म्हणाला. "आमच्या लोकांची चूक. मी आत्ता परत लावायला सांगतो."

"नको. भोकं मोठी होतील." ती पायऱ्या उतरली. आपण काय करणार आहोत हे तिला पायऱ्या उतरतानाच कळलं. "गाडी चालवताना मला बोलायला आवडत नाही, तेव्हा तुम्हीच काय ते बोला. बसा."

"कुठं जायचंय?"

"मयताला."

"आणि सही?"

"करेन की नाही, मला अजून माहीत नाही. तुम्हाला बघायचं असेल तर सोबत चला, नसेल तर टॉबिन चहा देईल. तो चहा चांगला करतो, बाकी काही नाही."

त्यानं क्षणभर घड्याळाकडे पाहिलं आणि गाडीत बसला. ही एक गोष्ट तिनं त्याच्या नावे जमा केली. मलिंगारपर्यंत तो खरोखरच बोलत राहिला. भांडवल, नियम, लहान बँकांना यापुढं एकट्यानं तगणं कसं कठीण, आणि नाव बदललं तरी माणसं तीच राहतील. सगळं खरं होतं. तिनं स्वतः इतर सहा जणांना हेच समजावलं होतं, आणि त्यांची घरं गहाणातून सुटणार याचा तिला मनापासून आनंद होता. मग डेस्मंडचा फोन आला. वकिलाच्या कचेरीतून बोलत होता, मागं कपबशांचा आवाज.

"इमर, कुठं आहेस गं? इथं सहा जण आत्तापासूनच नव्या कपड्यांत बसलेत."

"ग्रॅनार्डला चाललेय. केटीला पोचवायला."

"बाबा असते तर त्यांनीच तुला विचारलं असतं, गेली नाहीस का म्हणून," तो म्हणाला. "पण सही?"

"पाटी काढली त्यांनी, डेस्मंड."

"ऐकलं. टॉबिननं सांगितलं, तो रडायच्या बेतात होता. हे बघ, मेलेलं नाव आमचं होतं, आम्हाला सवय आहे. तुझं जिवंत आहे. तुला नको असेल तर नको करूस. माझी बायको मला घराबाहेर काढेल, पण ते मी बघून घेईन."

फोन ठेवून तिनं गाडीचा वेग वाढवला. डेस्मंडनं तिला मोकळं सोडलं होतं, आणि त्यामुळे सगळं आणखी अवघड झालं होतं. नाही म्हटलं तर उद्या सकाळी पाटी परत लागेल, बोटं परत पितळेवरून फिरतील. आणि सहा माणसं तिच्या दोन बोटांच्या सुखासाठी आणखी दहा वर्षं हप्ते फेडतील. तिला स्वतःचाच हेवा वाटला, त्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या सकाळच्या बाईचा. तिला निदान नुसतं रागावता येत होतं. एजवर्थस्टाउनच्या पुढं कुंपणांवर ब्लॅकथॉर्नची काटेरी झुडपं पांढरी फुलली होती. वळणावरचं शेत केटीच्या धाकट्या मुलाचं, तिची गाडी वळताना तो हात करायचा, आज अर्थातच नव्हता.

चर्च भरलं होतं, बाहेर पायऱ्यांवरही माणसं. मिस्सा झाल्यावर पहिल्या बाकासमोर रांग लागली. केटीची मुलगी मजेला, दोन भाऊ, सुना, नातवंडं ओळीनं बसलेली, आणि सगळी पंचक्रोशी एकेकाचा हात दाबत पुढं सरकत होती. इमर रांगेत उभी राहिली, ल्युसिएन तिच्या मागं. त्यानं हळूच विचारलं, "काय म्हणायचं?"

"तुमच्या दुःखात आहे. एवढंच म्हणायचं. शेअरबद्दल बोलायचं नाही."

तो का हसला नाही हे तिला कळलं. त्याला गोष्ट माहीत नव्हती. रांग पुढं सरकली. ल्युसिएनच्या मागं एक म्हातारा होता, टोपी हातात, गालाला ब्लेड लागलेलं. इमरनं वळून पाहिलं नाही, पण त्याचा प्रश्न तिला ऐकू आला. त्याच सुरात, जणू तोच म्हातारा इतकी वर्षं रांगेतून हललाच नव्हता: "आणि तू बाबा कुणाकडचा?"

आता तो मॉन्ट्रिऑल म्हणेल, बँकेचं ते लांबलचक नाव घेईल, म्हातारा 'अस्सं' म्हणेल आणि गोष्ट संपेल. तिच्या सहीचा निकाल या दोन-तीन क्षणांत लागणार होता, आणि ते त्या माणसाला माहीतही नव्हतं.

"मी इमरकडचा," ल्युसिएन म्हणाला.

"हां, चुकीच्या मयताची इमर!" म्हाताऱ्याचा आवाज खुलला. "मग सांग की तसं. ये, पुढं हो."

तो हे हिशेबानं बोलला की सहज, हे तिला कळलं नाही, आणि नवल म्हणजे कळून घ्यावंसंही वाटलं नाही. तीही एके काळी 'लॉफ्टसकडची' म्हणाली होती ती काही लॉफ्टसच्या प्रेमानं नव्हे. भीतीनं, दुसरं काही नव्हतं म्हणून. पुढच्याच क्षणी मजेलानं तिला मिठी मारली तेव्हा ती मोकळेपणी रडली. केटीसाठीच रडली. इतर कशासाठी रडावं असं आता काही उरलं नव्हतं.

दफनानंतर सगळे चर्चच्या हॉलमध्ये आले. लांब टेबलांवर चहाच्या किटल्या, हॅमचे सँडविच, कुणीतरी भाजून आणलेला सफरचंदाचा केक. मजेला बाह्या वर सारून ब्रेडला लोणी लावत होती; आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा तिला बसवत नव्हतं. इमरनं दोन कप बाजूला सरकवले आणि कोपर टेकलं.

"काढा कागद."

ल्युसिएननं हॉलभर नजर फिरवली. "इथं? वकील..."

"वकिलाला त्याची फी मिळेल, त्याचं काही अडत नाही. पेन आहे?"

तिनं सही केली. एरवी ती घाईघाईत आडनावाचा नुसता फराटा ओढायची. आज प्रत्येक अक्षर सुटं लिहिलं, शेवटची दोन जरा दाटीवाटीनं बसली. "साक्षीदार लागेल," ल्युसिएन म्हणाला. तिनं मजेलाला हाक मारली. मजेलानं हात कमरेच्या टॉवेलला पुसले, दाखवलं तिथं सही केली, कोपऱ्यावर लोण्याचा डाग पडला.

"काय विकलंस गं?" तिनं विचारलं.

इमरनं चहाचा घोट घेतला. चहा कडक होता, दूध भरपूर. इथं तो नेहमी असाच असायचा. "पाटी," ती म्हणाली.

"नुसती पाटी? आणि त्याचे पैसे देतायत?"

"चांगले देतायत."

मजेलानं ल्युसिएनकडे एकदा नीट पाहिलं, त्याच्या चुरगळलेल्या चांगल्या कोटाकडे, बॅगेकडे, लोण्याच्या डागाकडे. मग सँडविचची थाळी उचलून त्याच्यासमोर ठेवली.

"खा रे बाबा," ती म्हणाली. "पोटभर खा."